गोकुळा जेवत नाही

डोंगरगावात कोणी विचारलं, की तुझा जावई काय करतो, तर गोकुळा मान ताठ करून सांगायची, "बंदर खाते." लग्न जुळवणाऱ्यानं तिला हेच नाव सांगितलं होतं, आणि सरकारी नोकरीचं नाव ऐकलं तसंच सांगावं, त्यात आपली अक्कल घालू नये, असं तिला वाटे. पण नागभीडकडच्या बोलीत 'तो खाते' म्हणजे तो खातो, आणि बंदर म्हणजे माकड. विहिरीवरच्या बायांनी तोंडात पदर कोंबले. तिची जाऊ मनकर्णा हसता हसता घागर विसरली. मग म्हणाली, "बरं झालं व. आमच्या वावरात भल्ले बंदर झाले. पाठव जवायाले."

केवळराम सासुरवाडीला आला की लोक त्याला चिंचेवरची माकडं दाखवत. भला माणूस, तोही हसे. तो खरोखरच बंदर खात्यात होता. पार कोकणात, विजयदुर्गच्या धक्क्यावर खलाशी. ढिवराचा, म्हणजे मासे धरणाऱ्याचा मुलगा, तलावाच्या काठी वाढलेला, त्यामुळे पोहणं आणि वल्हं मारणं कोणी शिकवायची गरज पडली नव्हती. नोकरी लागली ती एवढ्या दूर, की गोकुळेची लेक कमला हिला तिकडे पोचवून आल्यावर तिचा थोरला भाऊ, खुशाल त्याचं नाव, दोन दिवस नुसता झोपून होता.

चेष्टा चालून जाई. मनकर्णेचा दुसरा प्रश्न मात्र चालत नसे. दर उन्हाळ्यात कमला माहेरी येऊन गेली, की मनकर्णा हळूच विचारी, "मंग, औंदा जातेस का पोरीकडं जेवाले?"

विहिरीवरच्या प्रत्येक बाईला या प्रश्नाचा अर्थ कळे. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. नातवंडाचं तोंड पाहायचं आणि मग लेकीच्या हातचं ताट घ्यायचं. म्हणजे मनकर्णा जेवणाचं विचारत नव्हती. गोकुळा म्हणे, "पाहू." कमलाच्या लग्नाला आठ वर्षं झाली, आणि 'पाहू' म्हणताना गोकुळेचा आवाज दर वर्षी थोडा आणखी खाली जाई.

तशी ती आवाज चढवणारी बाई कधीच नव्हती. लहान वयात लग्न होऊन डोंगरगावात आली. नवरा उमाजी पहाटे तलावात जाळं टाकायचा आणि ती मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन नागभीडच्या बाजाराला निघायची. मासोळी थांबत नाही, म्हणून तिनंही कधी थांबायचं नाही. वाटेत पाय भाजले तरी झाडाखाली बसायचं नाही. उमाजी तापानं गेला तेव्हा खुशाल नुकता जाळं ओढायला लागला होता आणि कमला फ्रॉकमध्ये होती. मग रोवणीची मजुरी, कापणीची मजुरी, उन्हाळ्यात मोहफुलं. लेकीचं लग्न, लेकाचं लग्न. सून आली, तिनं चूल हातात घेतली आणि सासूचं ताट जमिनीवर ठेवताना थोडा आवाज करायला सुरुवात केली. फार नाही. तक्रार करता येणार नाही इतकाच. गोकुळा निमूट जेवे. झोपून उठली तरी ती बाजारातून परत आल्यासारखी दिसे.

त्या वर्षी मे महिन्यात केवळराम गावाकडे लग्नाला आला आणि जाताना सासूला घेऊनच गेला. चार दिवस लेकीकडे राहा, किल्ला पाहा, समुद्र पाहा. कमलानं तसा हट्टच धरला होता. गोकुळेनं शिदोरी बांधली: मुरमुरे, भाजलेल्या चण्याचं पीठ, गूळ, सुकी चटणी. सुनेनं एवढं काढून देताना पहिल्यांदाच हात आखडला नाही. नागभीडहून छोट्या गाडीनं नागपूर, तिथून मोठ्या गाडीनं कोल्हापूर, मग घाटातून एस.टी. बसमध्ये ओकाऱ्या काढून गोकुळा रिकामी झाली, आणि समुद्र दिसला तेव्हा तिनं तो डोळे अर्धे मिटूनच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोळे पुरते उघडले. कमलाचं भाड्याचं घर खाडीच्या वरच्या अंगाला होतं. संध्याकाळी अंगणाखाली पाणीच पाणी होतं, आणि सकाळी पाहते तर चिखल. होड्या कुशीवर पडलेल्या. गोकुळेच्या काळजात धस्स झालं.

"कमले, पाळ फुटली व. टोपली दे लवकर."

तलाव फुटला किंवा आटला की सारं गाव मासोळीवर धावतं, आणि जो आधी पोचला त्याची टोपली आधी भरते. लुगडं खोचून गोकुळा अर्ध्या उतारावर गेलीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं, की दुसरं कोणीच धावत नाही. घरमालकीण इंदुताई ओटीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती आणि हिच्याकडे बघत होती.

कमला हसत हसत मागून आली. "ओहोटी हाये, माय. पानी मंग परत येते."

"कोन आनते?"

"कोनी नाई. आपलं आपण येते. रोज जाते, रोज येते."

गोकुळेला ते आवडलं नाही. पाण्यानं असं वागू नये. तलाव आटला म्हणजे आटला, माणसाला कळतं तरी.

आणि त्या पाण्यानंच तिची शिदोरी खाल्ली. डोंगरगावच्या मे महिन्यात मुरमुरे महिनाभर डब्यात खुळखुळतात. ते घेऊन निघताना तिला ठाऊक कसं असणार, की इथली हवाच ओली असते. पहिल्या दिवशी मुरमुरे मऊ पडले, दुसऱ्या दिवशी चामड्यासारखे झाले. पिठाचे गोळे झाले आणि त्यांना हिरवा वास सुटला. ते सगळं तिनं गुपचूप इंदुताईच्या कोंबड्यांना घातलं. गूळ तेवढा उरला, तोही पाझरून फडक्यातून बाहेर आला. कमलानं विचारलं की ती सांगे, खाल्लं. पाणी ती मारुतीच्या देवळाजवळच्या विहिरीवर जाऊन पिई, कारण ती विहीर सगळ्यांची. इंदुताईनं दोनदा विचारलं होतं, तुझी आई कसला उपास करते. कमलानं नवस आहे म्हणून सांगितलं, आणि सांगताना तिचे कान लाल झाले ते गोकुळेनं पाहिलं.

उद्या निघायचं म्हणून आज सगळं दाखवून टाकायचं ठरलं होतं. सकाळी गोकुळेनं गुळाचा शेवटचा खडा तोंडात टाकला आणि उठली. केवळरामनं उन्हाच्या आधी त्यांना शेजारच्या गिर्ये गावापर्यंत चालवत नेलं. गोदी दाखवायची होती. घरात खुर्ची नव्हती त्याच्या, पण जुन्या आरमाराच्या गोदीबद्दल तो असं बोले जसं काही ती त्याच्या आजानं बांधली. खाडीच्या काठी खडक फोडून केलेला मोठा चौकोन. भरतीला इथं जहाजं आत घ्यायचे, तो सांगत होता, मग पाणी अडवायचं, डागडुजी करायची आणि दुसऱ्या भरतीला जहाज बाहेर.

गोकुळा कातळाच्या कडेला उभी राहिली. आत गाळ होता, वर झुडपं वाढली होती आणि एक म्हैस चरत होती.

"अन् आता?" तिनं विचारलं.

"आता काही येत नाई, मामी. पन काम पाहा कसं केलं. अजून दगड हालला नाई."

"कायले ठेवलं मंग असं?"

केवळरामनं पायानं एक खडा गोदीत ढकलला. कमला केव्हाच पुढे चालू लागली होती. "माय, चल. ऊन होते," ती मागे न बघता म्हणाली.

वाटेत कलमांच्या बागा होत्या. एका ओळखीच्या माणसानं केवळरामच्या हातात चार आंबे दिले, पिकलेले, वासानं जीव जाईल असे. केवळरामनं त्यातला एक सासूपुढे धरला. गोकुळेनं क्षणभर हिशेब मांडला. झाड दुसऱ्याचं, पण आता आंबा जावयाच्या हातातला. तिनं मान हलवली. केवळरामनं आंबा परत पिशवीत टाकला आणि बिचारा स्वतःही खाईना. मग धक्क्यावर त्याची हजेरीची वेळ झाली आणि तो तिकडे वळला. दुपारी जेवायला येतो म्हणाला.

मायलेकी किल्ल्यात शिरल्या तेव्हा जांभा दगड तापायला लागला होता. एकामागे एक अशा भिंती, वळणावळणाचा दरवाजा, पायऱ्या. हा उन्हाळा गोकुळेला कळत नव्हता. तिच्याकडचं ऊन माणसाला भाजून काढतं, पण सावलीत गेलं की सोडतं. हे ऊन सावलीतही अंगाला चिकटून मागे येत होतं. लुगडं पाठीला डकलं होतं. आजूबाजूला डोळा जाईल तिकडे पाणी, आणि घोटभर पिण्याच्या लायकीचं नाही. कमला सांगत होती, इथं आंग्ऱ्यांचं आरमार असे, तिथून तोफा डागत, हा बुरूज असा आणि तो तसा. नवऱ्याचं ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. गोकुळा हं हं करत पायऱ्या चढत होती. वरच्या तटावर पोचली आणि समुद्र एका बाजूला कलंडला.

ती पडली नाही. कमलानं तिला दंडाला धरून भिंतीच्या आडोशाला बसवलं, पदरानं वारा घातला. मग पिशवीतून पितळेचा डबा काढून समोर ठेवला आणि झाकण उघडलं. भात आणि वर माशाचं कालवण. गोकुळेच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"खा," कमला म्हणाली.

"मी खाल्लं सकारी."

"काय खाल्लं? तुह्ये मुरमुरे कोंबड्यायनं बी टाकून देल्ले. मी पाह्यलं नाई काय?"

कमलानं डबा आणखी पुढे सरकवला. ती बोलू लागली तेव्हा गोकुळेच्या लक्षात आलं, की हे तिनं रात्रीपासून जुळवून ठेवलं आहे. हे काही माझं घर नाही, ती म्हणाली. हा किल्ला आहे, सरकारचा. वर छप्पर नाही, चूल नाही. रीत घरात जेवायची आहे, किल्ल्यात जेवायची नाही असं कोणी सांगितलं?

"अन्न तं तुह्याच चुलीचं हाये," गोकुळा म्हणाली.

"मंग उपाशी मर. माह्या दारात मर, म्हनजे इंदुताई बी मोकळी अन् तुही मनकर्णा बी मोकळी."

हे बोलून कमला तोंड फिरवून बसली. खाली लाटा तटाच्या पायथ्याशी आपटत होत्या. गोकुळेला राग यायला हवा होता, पण रागाला लागतं तेवढं बळ नव्हतं. तिनं समजावणीच्या सुरात सुरुवात केली. आणखी थोडं थांबू. ब्रह्मपुरीकडच्या एका बाईला बारा वर्षांनी मूल झालं. अंगारा आणला आहे, तो नीट लाव. घोडाझरीजवळच्या देवीला नवसाचं कोंबडं बोलले आहे. हे सगळं तिनं मागच्या उन्हाळ्यातही सांगितलं होतं, त्याच्या मागच्याही. सांगताना तिची तिलाच झोप येत होती.

"माय," कमला मध्येच म्हणाली, "होनार नाई."

"असं बोलू नये तोंडानं."

"मी नाई बोलून राह्यली. डॉक्टर बोलला. कोल्हापूरचा, मोठा. दोघायले तपासलं. दोन वर्सं झाले."

गोकुळेनं तिच्याकडे पाहिलं. कमलाचं वय तिच्या चेहऱ्यावर एकदम दिसलं, जसं दिवा जवळ आणल्यावर भिंतीचे पोपडे दिसतात.

"दोन वर्सं? अन् मी इकडं कोंबडे बोलून राह्यली."

"तू दरसाल एवढी आशेनं पायत होती. मले सांगवे नाई. अन् सांगतलं असतं तं तू जेवायले आलीच नसती कधी." कमलानं नाक पुसलं. "जेवायची तं तशीबी नाई."

मग गोकुळेनं, जो प्रश्न कोणत्याही आईनं विचारला असता तो विचारला. दोष कोणात आहे.

कमलानं डब्याचं झाकण लावलं. "तुले काय करायचं? घर दोघायचं हाये."

गोकुळेनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. ती भिंतीला टेकून बसली. दुःख होईल असं तिला वाटत होतं, आणि ते आलंही. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. डोक्यावरची टोपली खाली ठेवल्यावर मान काही वेळ आपोआप वर उचलल्यासारखी वाटते, तसं. आठ वर्षं ती दर महिन्याला मनातल्या मनात दिवस मोजत होती. पोरगी माहेरी आली की तिचं पोट, तिचा चेहरा, तिचं आंबट खाणं चोरून पाहत होती. आता पाहायचं काही उरलं नव्हतं. या समुद्राचं पाणी जातं आणि येतं म्हणून माणसं काठावर बसून राहतात. आटलेल्या तलावाच्या काठावर कोणी बसत नाही. गोकुळेला डोळे भरून आले आणि त्याच वेळी इतकी झोप आली, की तिनं तिथंच डोळे मिटले.

कमला घाबरली. तिला वाटलं पुन्हा भोवळ आली. तिनं डबा परत उघडला, घास कालवला आणि आईच्या तोंडापाशी नेला. "कोनी पायत नाई, माय. खाऊन घे. मी कोनाले सांगनार नाई."

गोकुळेनं तिचा हात बाजूला केला. "असं चोरून नाई खात मी. दगडावर बसून, कुत्र्यावानी. उठव मले. घरी चल."

कमलाचा हात तसाच राहिला. घास डब्यात परत टाकून तिनं झाकण लावलं. तिला वाटलं, संपलं. आता आई घरी जाऊन गाठोडं बांधेल आणि उद्या तशीच उपाशी गाडीत बसेल. दोघी किल्ला उतरल्या. मारुतीच्या विहिरीजवळ कमला सवयीनं थांबली. गोकुळा थांबली नाही. तिथून घरापर्यंतचा चढ ती गुडघ्यांवर हात ठेवून चढली आणि अंगणात आल्यावर ओट्यावर न बसता सरळ आत गेली. माठ कोपऱ्यात होता. तिनं लोटा बुडवला आणि उभ्यानंच पाणी प्यायली, पुन्हा बुडवला आणि पुन्हा प्यायली. कमला दारात उभी होती. तिनं चूल पेटवली आणि भाताचं आधण ठेवलं.

केवळराम आला तेव्हा आंब्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवून, पाय धुऊन रोजच्यासारखा भिंतीकडे तोंड करून बसला. सासू ओट्यावर उपाशी आणि आपण आत जेवतो, हे त्याला चार दिवस गिळवत नव्हतं; म्हणून तो भिंतीकडे तोंड करी. आज मागे वळून पाहतो तर सासू चुलीसमोर पाटावर.

"कमले, माहं ताट वाढ," गोकुळा म्हणाली.

केवळरामनं बायकोकडे पाहिलं. कमलानं चुलीकडे पाहिलं. तेवढ्यात त्याला कळलं, काय बोलणं झालं असेल ते. त्याचा चेहरा उतरला, तो भातात हात घालायच्या आधीच उठायला लागला.

"बसा जवाईबुवा," गोकुळा म्हणाली. "ताटावरून उठू नये. पोट सर्वायलेच असते."

तो बसला. मान मात्र खालीच. कमलानं आईच्या पुढ्यात ताट ठेवलं; इतकं अलगद, की खाली टेकल्याचं ऐकूही आलं नाही. भात वाढला, वर कालवण घातलं. थोडं ताटाबाहेर सांडलं, ते तिनं पदरानं पुसलं आणि पदराकडे बघत राहिली. गोकुळेनं देवाला म्हणून चार शितं बाजूला ठेवली, घास केला आणि तोंडात घातला. दुसरा घेतला. आठ वर्षांत लेकीच्या संसारातलं अन्न तिनं कधी चाखलं नव्हतं. पोरगी काय रांधते, कसं रांधते, नवऱ्याला काय घालते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या घासाला ती थांबली.

"खोबरं भल्लं घालतं व तू," ती म्हणाली. "मासोळी कुठी हाये, ते शोधा लागते."

कमलानं मान वर केली. "इथी असंच करते."

"इथी करत असतीन. तू कोनाची पोरगी होय? मिरची हाये का घरात, का तेबी इंदुताईच्या कोंबड्यायनं खाल्ली?"

केवळरामच्या घशात घास अडकला. तो खोकला, पाणी प्यायला आणि पहिल्यांदाच भातात नीट हात घातला.

"मंग तू करून दाखव उद्या," कमला म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि आवाज भांडणाचा होता.

"उद्या मी जाऊन राह्यली ना व."

"परवा जा."

गोकुळेनं ताटातलं कालवण बोटानं पुसून घेतलं, काटा काढून कडेला ठेवला आणि ताट पुढे सरकवलं.

"भात वाढ," ती म्हणाली. "अन् हात आखडू नोको."